दान आणि देणे : लेलंड स्टॅनफर्ड यांची कारकीर्द

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत वकिली, व्यापार आणि राजकारण ही क्षेत्रे एकमेकांत इतकी मिसळलेली होती की, त्या काळातील धनिकांच्या चरित्राचे ‘आधी वकील, मग उद्योगपती, शेवटी सिनेटर’ असे टप्पे पाडणे सोयीचे असले तरी त्यातून खरे चित्र हाती लागत नाही. कॅलिफोर्नियाचे लेलंड स्टॅनफर्ड (१८२४–१८९३) हे याचे ठळक उदाहरण होय. अमेरिकेला शिकायला जाऊ पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या तोंडी ज्या विद्यापीठाचे नाव सतत असते, ते त्यांनी स्थापन केले; परंतु त्यासाठी लागलेली संपत्ती कशी जमली, हे पाहिल्याखेरीज त्या दानाचे मोल ठरवता येत नाही.

न्यूयॉर्क राज्यातील एका शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या स्टॅनफर्ड यांनी, तेव्हाच्या रीतीप्रमाणे, आल्बनी येथील वकिलांच्या हाताखाली उमेदवारी करून १८४८ मध्ये सनद मिळवली आणि विस्कॉन्सिनमधील पोर्ट वॉशिंग्टन या गावी वकिली सुरू केली. १८५२ मध्ये लागलेल्या आगीत कार्यालय आणि कायद्याची पुस्तके जळून गेली, तेव्हा ते कॅलिफोर्नियात भावांकडे गेले. तेथे सोन्याच्या खाणींचा जोर होता. मात्र स्टॅनफर्ड यांनी सोने खणण्याऐवजी खाणकामगारांना धान्य आणि अवजारे विकण्याचा व्यापार पत्करला आणि त्यात जम बसवला.

थिओडोर जुडा या अभियंत्याने सिएरा नेवाडा पर्वत ओलांडणाऱ्या लोहमार्गाची योजना मांडल्यावर सॅक्रॅमेंटोतील चार व्यापाऱ्यांनी, म्हणजे स्टॅनफर्ड, कॉलिस हंटिंग्टन, मार्क हॉपकिन्स आणि चार्ल्स क्रॉकर यांनी, १८६१ मध्ये सेंट्रल पॅसिफिक ही कंपनी उभी केली. स्टॅनफर्ड तिचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदी, म्हणजे राज्याच्या लोकनियुक्त कार्यकारी प्रमुखपदी, निवडून आले. १८६२ च्या संघीय कायद्याने अशा कंपन्यांना तीस वर्षे मुदतीचे सरकारी रोखे कर्जाऊ दिले : सपाट प्रदेशात मैलामागे १६,००० डॉलरचे, तर डोंगराळ भागात ४८,००० डॉलरचे, शिवाय मार्गाच्या दुतर्फा एकाआड एक चौरस मैलाचे जमिनीचे पट्टे बहाल केले. त्यामुळे डोंगर नेमका कोठे सुरू होतो, हा भूगोलाचा प्रश्न हिशेबाचा झाला. राज्याच्या भूवैज्ञानिकाने सॅक्रॅमेंटोपासून अवघ्या सात मैलांवरील, डोळ्यांना सपाटच दिसणाऱ्या जागी सिएराचा पायथा असल्याचा निर्वाळा दिला, अध्यक्ष लिंकन यांनी तो मान्य केला आणि तेथून पुढच्या प्रत्येक मैलाला डोंगराचा दर लागू झाला. गव्हर्नर या नात्याने स्टॅनफर्ड यांनी आपल्याच कंपनीला साहाय्य देणाऱ्या विधेयकांवर सह्या केल्या आणि क्रॉकर यांचे बंधू एडविन यांना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमले.

या संपत्तीतील दुसरा वाटा श्रमाचा होता. गव्हर्नरपदाच्या पहिल्या भाषणात स्टॅनफर्ड यांनी चिनी लोकांना हीन वंशाचे ठरवून त्यांची वस्ती वाढू न देण्याचा आग्रह धरला. पण गोरे मजूर टिकेनात, तेव्हा त्यांच्याच कंपनीने हजारो चिनी मजूर कामावर घेतले आणि १८६५ च्या अहवालात स्टॅनफर्ड यांनीच त्यांच्या शांत, कष्टाळू वृत्तीची प्रशंसा केली. सिएराच्या माथ्याजवळचा १,६५९ फुटांचा बोगदा या मजुरांनी कठीण ग्रॅनाइट फोडून खणला. जून १८६७ मध्ये त्यांनी वेतनवाढीसाठी आणि कामाचे तास कमी व्हावेत म्हणून संप केला, तेव्हा क्रॉकर यांनी अन्नधान्याचा पुरवठा तोडला आणि आठवडाभरात संप मोडला.

धनाढ्य झालेल्या स्टॅनफर्ड यांना उमद्या घोड्यांचा नाद होता. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, याचा निकाल लावण्यासाठी त्यांनी छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांना पैसा पुरवला आणि जून १८७८ मध्ये पालो आल्टो येथील मळ्यात ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी ते सिद्ध केले. चलच्चित्राच्या पूर्वेतिहासात या प्रयोगाला मानाचे स्थान आहे. मात्र १८८२ मध्ये स्टॅनफर्ड यांनी त्यावर काढवलेल्या ग्रंथात मायब्रिज यांना योग्य श्रेय मिळाले नाही.

१८८५ मध्ये ते सिनेटवर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, गेले. सिनेटर तेव्हा जनतेच्या मतांनी नव्हे, तर राज्याच्या विधिमंडळाकडून निवडले जात. तेथे या रेल्वेसम्राटाने कामगारांच्या सहकारी संस्थांना कायद्याचा आधार देणारे आणि शेतकऱ्यांना जमिनीच्या तारणावर दोन टक्के व्याजाने सरकारी कर्ज देणारे अशी विधेयके मांडली. ती संमत झाली नाहीत; तरी सरकारी कर्जाचे सामर्थ्य स्वतः अनुभवलेल्या माणसाने ते इतरांसाठीही मागावे, ही त्यांच्या विचारातील खरी वाढ मानली पाहिजे. दुसऱ्या बाजूस, १८८७ मध्ये रेल्वेच्या कर्जाची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या काही प्रश्नांना उत्तरे देण्याचे त्यांनी साफ नाकारले.

त्यांचा एकुलता मुलगा १८८४ मध्ये फ्लॉरेन्स येथे विषमज्वराने वारला, तेव्हा तो सोळाही वर्षांचा नव्हता. त्याच्या नावाने १८८५ मध्ये दानपत्र झाले आणि १ ऑक्टोबर १८९१ रोजी मुलामुलींना एकत्र, विनाशुल्क शिक्षण देणारे विद्यापीठ उघडले. दोनच वर्षांत स्टॅनफर्ड वारले. रेल्वेच्या कर्जापोटी सरकारने त्यांच्या मालमत्तेवर सुमारे दीड कोटी डॉलरचा दावा लावला. न्यायालयाने घरखर्चासाठी मंजूर केलेल्या दरमहा १०,००० डॉलरमधून पत्नी जेन यांनी प्राध्यापकांचे पगार भागवले. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. कंपनीचे देणे मात्र १९०९ मध्ये फिटले.

पैशांचे देणे असे फिटले, तरी श्रमाचे देणे कोणत्याच खातेवहीत नव्हते. १० मे १८६९ रोजी युटामधील प्रोमॉन्टरी येथे पूर्व आणि पश्चिमेचे रूळ जोडताना स्टॅनफर्ड यांच्या हस्ते बसवलेल्या सोन्याच्या खिळ्यावर कंपनीच्या संचालकांची नावे कोरलेली होती, तर चिनी मजुरांच्या वेतनपटांवर बहुधा मुकादमांचीच नावे लिहिलेली होती. समारंभानंतर सोन्याचा खिळा लगेच काढून त्या जागी लोखंडी खिळा ठोकण्यात आला. सोन्याचा तो खिळा आज स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. याच विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१२ मध्ये त्या चिनी मजुरांचा इतिहास शोधण्याचा प्रकल्प हाती घेतला आणि वेतनपट, उत्खननातील वस्तू व वंशजांच्या आठवणी यांतून त्यांची आयुष्ये जुळवण्यास आरंभ केला. संस्थापकांनी जे देणे मानलेच नव्हते, त्याची नोंद अशा रीतीने त्यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या संस्थेनेच केली.