ऊटा आतेन्री?

अनोळखी माणसाचे स्वागत कसे होते, हे मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षे माझ्या तपासणीच्या खोलीत रोज पाहतो आहे. कारण तेथे येणाऱ्या प्रत्येक बालकाच्या दृष्टीने तो अनोळखी माणूस मीच असतो.

दोन महिन्यांचे बाळ माझ्याकडे पाहून निर्मळ हसते. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास उमटणारे हे हसू आपपरभाव जाणत नाही. समोर माणसाचा चेहरा दिसला, एवढे त्याला पुरते. तेच बाळ आठ-नऊ महिन्यांचे झाले की मला पाहताच आईच्या खांद्यात तोंड खुपसून टाहो फोडते. आईवडील ओशाळतात. "डॉक्टर, मागच्या खेपेला हसत होता हो!" मी त्यांना सांगतो, की ही वाढीचीच खूण आहे. आपले कोण आणि परके कोण, हे त्याला आता कळू लागले आहे. काही महिन्यांनी ही भीती ओसरते आणि मूल पुन्हा परक्याकडे हात पसरते.

मोठेपणी मात्र आपण पुन्हा त्या नवव्या महिन्यात जाऊन बसतो. प्रवासात वर्तमानपत्राआड, आणि आता भ्रमणध्वनीआड, तोंड लपवतो. मीही त्यातलाच होतो. डिसेंबर २०१८ मधील एका रात्रीने माझी ही सवय मोडली. ती हकिगत या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावीशी वाटते.

त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास बंगळूरहून पुतण्याचा दूरध्वनी आला. माझे थोरले बंधू, आमचे दादा, न्हाणीघरात कोसळले होते. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. रुग्णालयातल्या कागदावरचे शब्द पुतण्या मला वाचून दाखवत होता. "काका, ग्लासगो कोमा स्केल सहा, असे लिहिले आहे. म्हणजे काय?" त्या आकड्याचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता, मला होता. पंधरा हा पूर्ण शुद्धीचा आकडा आणि तीन हा सर्वांत खालचा. मी "येतो" एवढेच म्हणालो आणि हाती लागले ते कपडे पिशवीत भरून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस गाठली.

गाडीने बेळगाव सोडले. खानापूर गेले, लोंढ्याच्या बाजूचा अंधार सुरू झाला. समोरच्या बाकावर सत्तरी ओलांडलेली एक बाई बसली होती. इरकली लुगडे, कपाळावर विभूती, मांडीवर कापडी पिशवी. बराच वेळ ती माझ्याकडे पाहत होती. शेवटी तिने विचारले, "ऊटा आतेन्री?"

जेवण झाले का? बेळगावात वाढलेल्या माणसाला या प्रश्नाचे नवल नाही. आपल्याकडे मराठी घरातही वाटेत कोणी भेटले तर "जेवलात काय?" असे विचारतात. विचारणाऱ्याला उत्तराची फारशी अपेक्षा नसते आणि देणारा "झाले" म्हणून पुढे जातो. मीही सवयीने "आत्री" म्हणालो. सकाळच्या न्याहारीनंतर माझ्या पोटात काही गेले नव्हते.

तिने माझ्या उत्तरावर विश्वास ठेवला नाही. पिशवीतून फडके काढले, जोंधळ्याची कडक भाकरी मधोमध मोडली, तिच्यावर भरले वांगे आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली आणि अर्धी माझ्यापुढे धरली. "तगोप्पा." मघाच्या प्रश्नातला आदरार्थी 'री' गेला होता. त्याच्या जागी लेकराला लावतात तो 'अप्पा' आला होता.

मी भाकरी घेतली. दुसऱ्या घासाला डोळे भरून आले. घरात कोणी आजारी आहे का, असे तिने विचारले. मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये मी दादांविषयी सांगितले. मी स्वतः डॉक्टर आहे, हे सांगितले नाही. तिने सारे ऐकून घेतले. हुबळीला उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, "अंजब्याडप्पा, छलो आगतैति." घाबरू नकोस बाळा, चांगले होईल.

तिने ना सी. टी. स्कॅन पाहिला होता, ना तिला तो सहाचा आकडा माहीत होता. शास्त्राच्या दृष्टीने तिच्या शब्दांना काडीचाही आधार नव्हता, हे त्या डब्यात सर्वांत चांगले मला कळत होते. तरीही मी वरच्या बाकावर आडवा झालो आणि तुमकूर येईपर्यंत झोपलो.

दादा अकराव्या दिवशी गेले.

तिचे भाकीत खोटे ठरले. मग तिने मला दिले ते काय होते, हा प्रश्न नंतर कित्येक महिने माझ्या मनात घोळत राहिला. सारे काही चांगलेच होणार याची खात्री म्हणजे आशा, अशी माझी समजूत होती. ती खात्री मला तेव्हाही नव्हती. पण पुढचे अकरा दिवस अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मी आणि वहिनी बसून होतो, तेव्हा त्या अर्ध्या भाकरीची आठवण मला पुन्हा पुन्हा आली. काहीही ओढवले तरी या जगात मला उपाशी न ठेवणारे कोणीतरी भेटेल, एवढा भरवसा तिने दिला होता आणि तो शेवटपर्यंत टिकला. त्याच बाकावर एका अपरिचित गृहस्थाने आपली चटई वहिनींना दिली, तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही.

आमच्या शास्त्रात एक सुंदर प्रयोग आहे. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६० मध्ये भक्कम काचेखाली खोल खड्ड्याचा आभास निर्माण करणारे एक टेबल वर्णिले होते. १९८५ मध्ये सॉर्स, एम्डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तशाच टेबलावर वर्षभराची बाळे ठेवली. पलीकडे आई उभी. बाळ रांगत त्या कडेपाशी येई, थबके आणि आईच्या तोंडाकडे पाही. आईने हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळांनी ती काच ओलांडली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकाही बाळाने पाऊल पुढे टाकले नाही. खड्डा तोच, काच तीच. बदलला तो फक्त चेहरा.

मला वाटते, कडेपाशी येऊन थबकण्याचे प्रसंग आयुष्यभर येतात. त्या वेळी पलीकडे आई असतेच असे नाही. जो चेहरा समोर असेल, त्याच्याकडे आपण पाहतो.

आणि तरीही आपण परक्याशी बोलणे टाळतो. शिकागोतील निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकलगाडीच्या काही प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलण्यास सांगितले होते. असे बोलत गेल्यास प्रवास कंटाळवाणा होईल, असा बहुतेकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोललेल्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा अधिक सुखाचा झाला. समोरच्याला आपले बोलणे नको असेल, असे दोन्ही बाकांवरची माणसे गृहीत धरतात आणि दोघेही मुकाट राहतात.

येथे काही पालक मला अडवतील. "डॉक्टर, मुलांना तर आम्ही अनोळखी माणसाशी बोलू नका, असे बजावतो." ही काळजी रास्त आहे आणि मी ती हसण्यावारी नेणार नाही. परंतु बालकांवरील अत्याचारांच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो, हे विसरून चालणार नाही. तेव्हा सरसकट परक्याची धास्ती शिकवून मूल सुरक्षित होत नाही. घरी सांगितल्याशिवाय कोणाहीबरोबर जायचे नाही, मग तो ओळखीचा का असेना. कोणी गुपित ठेवायला सांगितले तर ते आईवडिलांना सांगायचेच. नकोसा स्पर्श झाला की ओरडायचे. हे नियम शिकवावेत. आणि आपण सोबत असताना रिक्षावाल्या मामांना, भाजीवाल्या मावशींना, शेजारच्या बाकावरील आजोबांना मुलाने नमस्कार करावा, दोन शब्द बोलावे. सावधपणा आणि सौजन्य ही दोन्ही आपल्याकडे पाहूनच मूल शिकते.

समव्यवसायी मित्रांना मात्र वेगळे सांगायचे आहे. आपण रुग्णाच्या नातेवाइकांशी जपून बोलतो. खोटे आश्वासन देऊ नये, हे योग्यच आहे. पण ते टाळता टाळता आपण बोलणेच टाळू लागलो आहोत. अकरा दिवसांत दादांच्या प्रकृतीविषयी सर्व आकडे मला वेळच्या वेळी मिळाले. त्यात कसूर झाली नाही. मी जेवलो का, हे त्या इमारतीत पांढऱ्या कोटातील कोणी विचारले नाही. मग मला आठवले, की मीही गेल्या कित्येक वर्षांत कोणाला ते विचारले नव्हते.

परत आल्यावर मी प्रतीक्षागृहातला दूरदर्शन संच काढून टाकला. एकाच दिशेला तोंड करून मांडलेल्या खुर्च्या समोरासमोर केल्या. एवढ्याने काय होणार, असे प्रथम मलाही वाटले होते. पुढे एकदा गोकाककडील एका खेड्यातून पहिलटकरीण आई आली. तिच्या मुलाला तापात झटका आला होता. असे झटके सहा महिने ते पाच वर्षे या वयात येतात, बहुतेक मुलांत त्यांचा पुढे काही त्रास राहत नाही, हे मी तिला दोनदा समजावले. तिने मान हलवली. डोळ्यांतली भीती तशीच होती. बाहेर तिच्या समोर शहापूरच्या एक मराठी आजी बसल्या होत्या. त्यांना कन्नड बेताचेच. त्यांनी खिडकीवर चढू पाहणाऱ्या आपल्या आठ वर्षांच्या नातवाला दंडाला धरून पुढे आणले, त्याच्याकडे बोट दाखवले आणि हात थरथरवून खुणेने सांगितले, की यालाही झाले होते. त्या बाईने त्या दांडग्या पोराकडे नीट पाहिले आणि ती हसली. माझ्या आकडेवारीला जे जमले नव्हते, ते त्या पोराने उभ्या उभ्या केले.

सीमाप्रश्नावर आपली मते काहीही असोत. तापलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या दोघींमध्ये भाषेचा वाद झालेला मी अद्याप पाहिलेला नाही.

परतीच्या प्रवासाचे सांगायचे राहिले. दादांचे दिवसकार्य आटोपून मी रात्रीच्या गाडीने निघालो. वहिनींनी पोळीभाजीचा डबा बरोबर दिला होता. समोर विशीतला एक तरुण हातातल्या भ्रमणध्वनीच्या विझलेल्या पडद्याकडे पाहत बसला होता. मी थोडा वेळ घुटमळलो आणि मग विचारले, "ऊटा आतेन्री?"

त्याने दचकून वर पाहिले. "आत्री," तो म्हणाला.

मी त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवला नाही आणि डबा उघडला.