क्लच बसला तर गिअरबॉक्स उतरविण्याआधी तेल पाहा

कापडाचा धंदा दुकानात होतो तितकाच रस्त्यावरही होतो. महागाव तालुक्यातील आम्ही कापडवाले, तसेच भांडीवाले, चपलावाले, पुसद, उमरखेड, आर्णीच्या रस्त्याने बाजाराचा माल जुन्या गाड्यांतूनच नेतो. १९८६ साली निघालेली ४०७ असो की १९९४ ची सुमो, नीट राखली तर आजही माल ओढते. परंतु गाडी जुनी झाली की क्लचच्या तेलाचा आजार सुरू होतो आणि त्याच्यावर बहुधा गरजेपेक्षा जास्त पैसा जातो.

मारुती ओम्नीसारख्या गाडीत पेडल आणि क्लच यांच्यामध्ये तार असते. तेलाच्या क्लचमध्ये तारेऐवजी दोन सिलिंडर असतात. पेडल दाबले की वरचा, म्हणजे मास्टर सिलिंडर तेल नळीतून ढकलतो. ते तेल गिअरबॉक्सजवळच्या खालच्या सिलिंडरचा दट्ट्या पुढे सारते आणि प्लेट सुटते. तेल दबत नाही म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा खाली पोहोचतो. हवा मात्र दबते. नळीत हवा शिरली की पेडल खाली जाते, पण क्लच सुटत नाही.

तेव्हा आधी दोन तक्रारी वेगळ्या कराव्यात. गिअर पडताना करकर वाजतो, रिव्हर्स तर पडतच नाही, पेडल दोनतीनदा मारले की काम होते, ही तेलाची तक्रार आहे. उलट इंजिन ओरडते पण गाडी चढावर चढत नाही, जळका वास येतो, ही बहुतेक प्लेटची. गॅरेजमध्ये या दोन्हींना ‘क्लच गेला’ असेच म्हणतात आणि घोटाळा तेथेच होतो. दोन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत आमच्या गाडीचे पेडल तळाला गेले. एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि दोन दिवसांची मजुरी सांगितली. आम्ही दुसऱ्या एका बुजुर्ग उस्तादांना बोलावले. त्यांनी खालच्या सिलिंडरचे रबरी टोपण बोटाने उचलले. टोपण फाटलेले, आत तेल आणि आपल्या काळ्या जमिनीचा चिखल! रबराची किट बदलली, हवा काढली आणि गाडी त्याच दिवशी उमरखेडला माल घेऊन गेली.

तपासणी घरीही करता येते. टाकीतील तेल कमी असेल तर ते कोठेतरी गळते आहे, नुसते भरून निघू नये. पेडलच्या वरच्या बाजूस ओल असेल तर वरचा सिलिंडर, टोपणाखाली ओल असेल तर खालचा. बाहेर कोठेच ओल नाही, पण दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जाते, तर वरच्या सिलिंडरच्या आतील रबर तेल मागे सोडते आहे. सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडले असतील तर किट टाकून उपयोग नाही, अख्खा सिलिंडर बदलावा. जुनी रबरी नळीही फसविते. एकाने पेडल दाबावे, दुसऱ्याने नळीवर हात ठेवावा. ती फुगली तर जोर तेथेच संपतो.

प्लेट घसरत असली तरी एक परीक्षा गिअरबॉक्स उतरविण्याआधी जरूर करावी. पेडल न दाबता खालच्या सिलिंडरची निपल किंचित सैल करावी. तेल जोराने उडाले आणि त्यानंतर क्लच नीट पकडू लागला, तर प्लेटचा दोष नाही. तेल परत टाकीत जाऊ शकत नाही, इतकेच. नळी आतून बंद झालेली असते किंवा पेडलला मोकळी चाल ठेवलेली नसते.

हवा काढताना निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे तेल घातलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल उघडून बंद करावी, मगच पेडल सोडावे. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे व टाकी रिकामी होऊ देऊ नये. चाकांना दगड लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर मुळीच नाही.

तेल फक्त ब्रेकचे, टाकीच्या झाकणावर लिहिले असेल ते, डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिनचे तेल घातले तर रबर फुगते आणि सगळी किट जाते. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते, म्हणून उघडा राहिलेला डबा व बाटलीत निघालेले तेल पुन्हा वापरू नये. ते विषारी आहे, पाण्याच्या बाटलीत ठेवू नये. रंगावर सांडले तर लगेच पाणी ओतावे. पुसायला धुतलेले जुने पॉपलीन घ्यावे. टॉवेलाचे सूत सिलिंडरमध्ये जाते, एवढे आम्ही कापडवाले खात्रीने सांगू शकतो. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते. तेथे गळती दिसली तर गाडी हलवूच नये.

टाकी वेगळी असेल, ब्रेक चांगले असतील आणि वाटेत क्लच पूर्ण बसला, तर रिकाम्या रस्त्यावर इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकावा आणि सेल्फ मारावा. गाडी झटका देऊन निघते. मग त्याच गिअरमध्ये सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत न्यावी. थांबायचे झाल्यास ब्रेक लावून इंजिन बंद होऊ द्यावे. भरल्या बाजारातून मात्र ही गाडी दोरीने ओढूनच न्यावी.