घोणसीच्या विषावर रक्ताची तपासणी

बांधावरच्या गवतातून कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार आला की आपण जागीच थबकतो. त्याच घोणसीचे विष प्रयोगशाळेत रक्ताच्या एका तपासणीसाठी वापरतात. या विषाने रक्त गोठते हे ध्यानात घेऊन मॅकफार्लेन व बार्नेट यांनी १९३४ साली हिमोफिलियाच्या रुग्णांचा रक्तस्राव थांबविण्यासाठी ते वापरून पाहिले होते.

रक्त गोठणे ही एकामागून एक जाग्या होणाऱ्या घटकांची साखळी होय. कालव्याची वरची दारे टाळून पाणी एकदम शेतचारीत घ्यावे, तसे हे विष थेट दहाव्या घटकाला जागे करते. पुढच्या कामाला कॅल्शियम आणि फॉस्फोलिपिड हा स्निग्ध पदार्थ लागतो. तपासणीत फॉस्फोलिपिड मुद्दाम कमी ठेवतात. निरोगी माणसाचा रक्तद्रव साधारण अर्ध्या मिनिटाच्या आसपास गोठतो.

काहींच्या रक्तातील प्रतिद्रव्ये या फॉस्फोलिपिडला अडवून धरतात, त्यामुळे गोठण्यास उशीर लागतो. मग फॉस्फोलिपिड भरपूर घालून तपासणी पुन्हा करतात. वेळ सुधारला तर दोष प्रतिद्रव्यांचा. नाही सुधारला तर कारण दुसरे शोधावे लागते.

गंमत अशी, की नळीत उशिरा गोठणारे हेच रक्त शरीरात मात्र नको तेथे गोठते. पायाच्या शिरेत गुठळी होते, तरुणपणी पक्षाघात होतो, वारंवार गर्भपात होतात. घरातील सुनेचा गर्भ पुन्हा पुन्हा पडत असेल तर तिला बोल लावू नका. डॉक्टरांना या तपासणीविषयी विचारा. दोष आढळल्यास गरोदरपणात डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधोपचार करता येतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगावे, नाहीतर निष्कर्ष चुकतो. दोष निघाला तर किमान १२ आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते.

प्रत्यक्ष दंशात मात्र हेच विष गोठणारे घटक संपवून टाकते व रक्त गोठेनासे होते. म्हणून रुग्णालयात कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात व नंतर नळी कलती करून पाहतात. रक्त वाहिले तर विष भिनले असे समजून प्रतिविष देतात. ही परीक्षा घरी करीत बसू नये. दंश झालेला भाग न हलवता, न बांधता, न कापता रुग्णास तडक रुग्णालयात न्यावे.