आरोग्य मासिकाचे ॲप
आरोग्य मासिकाचे ॲप म्हणजे छापील अंकाची पीडीएफ नव्हे. लेख सर्व्हरवर साठवलेले असतात. ॲप ते मागवून पडद्याच्या मापाने मांडते. अँड्रॉइड आणि आयफोनसाठी दोनदा खर्च नको म्हणून फेसबुकने २०१५ मध्ये खुले केलेले रिॲक्ट नेटिव्ह किंवा गूगलचे फ्लटर हे ॲप बनवण्याचे साधन वापरतात. त्यामुळे बराचसा कोड दोन्हीकडे चालतो.

खरी अडचण पुढे येते, ती वाचकाच्या आरोग्याच्या नोंदींची. पावले, झोप, वजन यांची माहिती आयफोनवरील आरोग्याच्या नोंदी हाताळणाऱ्या ॲपलच्या हेल्थकिटमधून वाचकाच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि जाहिरातींसाठी ती वापरायला कंपनीची मनाई आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमतीला मध्यवर्ती स्थान आहे. परवानगी मिळाली तरी सूचना बेतानेच पाठवाव्यात. तासातासाला पाणी प्यायला सांगणारे ॲप फोनवर फार दिवस टिकत नाही.