पाटल्या आणि पॉलिशवाले

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या दारात दोन तरुण आले. इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात छापील कागद. "मावशी, कंपनीची नवी पावडर आहे. जाहिरातीसाठी फुकट चकाकी देतो," म्हणाले. आईला अक्षरओळख नाही. तिने कागद माझ्या हाती दिला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा छापील मजकुरावर शेवटचा शब्द माझा. मी तो मोठ्याने वाचला आणि म्हटले, "चांगली कंपनी दिसतेय."

त्यांनी आधी देवघरातली पितळी समई घासली. ती खरोखरच लखलखली. मग माझे पैंजण. मग विषय निघाला आईच्या पाटल्यांचा. माझ्या प्रवेशाच्या वेळी या पाटल्या गहाण पडल्या होत्या, नुकत्याच सुटून आल्या होत्या. त्यांनी त्या प्लास्टिकच्या मगातल्या पाण्यात बुडवल्या, ब्रशने घासल्या, हळद लावून कागदात गुंडाळल्या. "अर्धा तास उघडू नका," असे बजावले. मगातले घाण पाणी मात्र थेंबही न सांडता बरोबर नेले. पुढे सोनाराने तोलले तेव्हा पावतीवर वीस ग्रॅम आणि काट्यावर सतरा!

ते पाणी म्हणजे अम्लराज. तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल आणि एक भाग नायट्रिक आम्ल. यांपैकी एकट्याने सोन्याचे काही बिघडत नाही. दोघे एकत्र आले की सोने विरघळते. विरघळलेले सोने नंतर त्या पाण्यातून पुन्हा काढता येते. घाण पाणी एवढे जपण्याचे कारण हेच! दागिना सर्व बाजूंनी झिजतो, त्यामुळे घाट तोच राहतो. चोरी डोळ्यांना कळत नाही, फक्त काट्याला कळते. हळद बहुधा उतरलेला रंग झाकण्यासाठी असावी. काही टोळ्या एवढाही खटाटोप करीत नाहीत. दागिने डब्यात ठेवल्याचे दाखवून डब्यात खडे भरतात आणि डबा गॅसवर ठेवायला सांगून पसार होतात.

दारावर येणारा प्रत्येक जण चोर असतो, असे मला मुळीच म्हणायचे नाही. कल्हईवाला, बोहारीण, कासार यांच्यावर आमच्या आयाबायांचे संसार चालत आले. पण कल्हईवाला गल्लीत सर्वांदेखत भाता लावतो, आणि बोहारणीला पुढच्या महिन्यात त्याच दारी यायचे असते. पॉलिशवाल्याला पुन्हा यायचेच नसते, म्हणून त्याला घाई असते. "उद्या या, घरची माणसे असतील," एवढे म्हणून पाहावे. प्रामाणिक माणूस उद्या येतो. आणि सोने कोणत्याही सबबीवर अनोळखी हातात देऊ नये. चकाकी हवीच असेल तर ओळखीच्या सोनाराकडे जावे, आधी वजन, नंतर वजन, दोन्ही आपल्यासमोर.

थेट विक्रीसंबंधी 2021 साली केंद्र सरकारने नियम केले. त्यांनुसार अशा कंपनीच्या विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचे नाही. आमच्याकडे आलेल्यांच्या गळ्यात ओळखपत्र होते; वेळ मात्र त्यांना कोणी दिली नव्हती. हे मला तेव्हा ठाऊक असते तर! घेतलेल्या मालाबद्दल तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. पण अशी उघड लबाडी झाली तर सरळ 112 फिरवावा, तोही लगेच. (फसवणुकीचे जुने कलम 420 जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे 318 आले, बोलण्यात मात्र माणूस अजून चारशेवीसच राहिला आहे.)

आम्ही लगेच काही केले नाही. आईने आठ दिवस दादांना सांगितले नाही आणि मीही गप्प राहिले. तिला वाटे, आपण अडाणी म्हणून फसलो. खरे तर कागद वाचला होता मी.

आता दारात कोणी छापील कागद पुढे केला, की आई तो हातातही घेत नाही. "वाचणारी पोरगी घरात नाही," असे सांगून कडी लावते. मी आत अभ्यासाला बसलेलीच असते.