पेन्शन आला नाही, सेवा निधी घेऊन आला

"किती घावणार रं?"
"बारा लाख, तात्या."
"अन् पेन्शन?"
"पेन्शन न्हाय."
"मग कँटीनचं कार्ड तरी?"

सुट्टीवर आलेला अग्निवीर पुतण्या आणि सतरा वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून परतलेला चुलता यांचं हे बोलणं फलटण तालुक्यातल्या कुठल्याही ओट्यावर कानावर पडेल. सातारा जिल्ह्याने फौजेला पिढ्यान्‌पिढ्या माणसं दिली. अपशिंगे गावाच्या नावाला तर 'मिलिटरी' हा शब्दच चिकटला. इकडे फौजी निवृत्त झाला असं कोणी म्हणत नाही, 'पेन्शन आला' म्हणतात. नोकरी संपणं आणि पेन्शन सुरू होणं ही एकच गोष्ट, असं बोलीनेच ठरवून टाकलं आहे.

१४ जून २०२२ रोजी चार वर्षांसाठी 'अग्निवीर' भरायची अग्निपथ योजना जाहीर झाली आणि जवानांच्या नव्या भरतीपुरतं हे समीकरण सुटलं. बोली मात्र जुनीच राहिली. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेलेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ सरता सरता आणि २०२७ उजाडताना भरतात. तेव्हा पलटण सोडून फलटणला परतणाऱ्या पोराच्या हातात नेमकं काय असतं, याचा हिशेब नीट मांडलेला बरा.

गैरसमज : सरकार निरोपाला बारा लाखांचं बक्षीस देतं.

वस्तुस्थिती : त्यातला निम्मा पैसा पोराच्या स्वतःच्या पगारातला असतो. अग्निवीराचं मासिक मानधन पहिल्या वर्षी ३०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,००० आहे. जोखमीचे वगैरे भत्ते वेगळे. मानधनातले तीस टक्के दर महिन्याला कापून 'सेवा निधी'त जातात. म्हणजे ३०,००० पैकी २१,००० हातात येतात, ९,००० जमा होतात. चौथ्या वर्षी २८,००० हातात, १२,००० निधीत.

ही बेरीज वहीत मांडून पाहा. पहिल्या वर्षाचे १,०८,०००, दुसऱ्याचे १,१८,८००, तिसऱ्याचे १,३१,४०० आणि चौथ्याचे १,४४,०००. एकूण ५,०२,२०० रुपये. तेवढीच रक्कम सरकार घालतं. दोन्ही मिळून १०,०४,४०० होतात आणि वर व्याज. योजना जाहीर करताना व्याजासह ११.७१ लाखांचा आकडा सांगितला गेला. गावात पोचेपर्यंत त्याचे बारा लाख झाले आणि 'सरकार देतं' हे शब्द त्याला येऊन मिळाले. खरं तर पोराने चार वर्षं पोटाला चिमटा घेऊन निम्मी रक्कम बाजूला टाकलेली असते.

गैरसमज : थोडी का होईना, पेन्शन मिळतेच.

वस्तुस्थिती : मिळत नाही. नियमित जवानाला पेन्शनसाठी किमान पंधरा वर्षांची सेवा लागते. अग्निवीराच्या अटींमध्ये पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, माजी सैनिकांची आरोग्य योजना नाही आणि तात्या विचारतात ते कँटीनचं कार्डही नाही. या अटी भरती होतानाच सांगितलेल्या असतात. घरच्यांनी त्या वाचलेल्या नसतात, एवढंच.

फरक किती पडतो ते पाहू. ११.७१ लाख बँकेत मुदत ठेवीत टाकले आणि व्याज सात टक्के धरलं, तर वर्षाला साधारण ८२,००० रुपये, म्हणजे महिन्याला सात हजारांच्या आत. नोकरीच्या शेवटच्या महिन्यात पोराच्या हातात २८,००० आणि भत्ते येत होते. निधीच्या व्याजावर घर चालेल, असं कोणी समजू नये.

गैरसमज : हे पैसे म्हणजे नोकरी गेल्याची भरपाई.

वस्तुस्थिती : भरपाई वेगळी असते. ब्रिटनने २०११ पासून फौज कमी करायला घेतली, तेव्हा मुदतीआधी घरी पाठवलेल्या सैनिकांना करमुक्त एकरकमी मोबदला दिला. नोकरी आणखी चालायची होती, ती सरकारने तोडली, म्हणून तो मोबदला. आपल्याकडच्या लष्करी पेन्शन नियमांतही अशा प्रसंगाची सोय आहे. फौजेचं संख्याबळ घटवताना किंवा पुनर्रचनेत युनिट मोडताना मोठ्या संख्येने जवान कमी केले, तर त्यांच्यासाठी विशेष पेन्शन किंवा ग्रॅच्युइटीची तरतूद आहे.

अग्निवीराचं तसं नाही. त्याची नोकरी कोणी मध्येच तोडत नाही. शेवटची तारीख पहिल्याच दिवशी ठरलेली असते. म्हणून सेवा निधी ही सक्तीची बचत आणि तिला सरकारची जोड. 'पोराला काढलं' असं म्हणणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. एका तुकडीतले जास्तीत जास्त पंचवीस टक्केच कायम होतात. बाकीचे मुदत पुरी करून येतात, त्यात कमीपणा काहीच नाही.

गैरसमज : कायम झाला त्याला निधीही मिळतो आणि नोकरीही.

वस्तुस्थिती : कायम झालेल्याला निधीतला फक्त स्वतःचा हिस्सा व्याजासह मिळतो. सरकारचा हिस्सा मिळत नाही. त्या बदल्यात किमान पंधरा वर्षांची पुढची नोकरी आणि नियमित जवानाच्या सेवाशर्ती लागू होतात. पाच लाख गेले म्हणून हळहळण्यासारखा हा व्यवहार नाही. पण 'बारा लाखही आले अन् नोकरीही राहिली' असं समजून कोणी आधीच कर्ज उचललं असेल, तर तो फसेल.

गैरसमज : जमलं नाही तर दोन वर्षांत सोडून यायचं, निम्मे पैसे मिळतातच.

वस्तुस्थिती : स्वतःच्या मर्जीने मध्येच सोडता येत नाही. अपवादात्मक कारण असेल आणि सक्षम अधिकाऱ्याने मंजुरी दिली तरच सुटका होते. तशी सुटका झाली तर तोवर कापलेला स्वतःचा हिस्सा आणि त्यावरचं व्याज एवढंच हाती पडतं.

गैरसमज : एवढ्या मोठ्या रकमेवर कर बसणारच.

वस्तुस्थिती : सेवा निधीची रक्कम आयकरातून मुक्त आहे. त्यासाठी २०२३ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या आयकर कायद्यात १०(१२सी) आणि ८०सीसीएच ही कलमं घातली. मात्र पैसे एकदा खात्यात आल्यावर त्यांची ठेव केली, तर त्या ठेवीचं व्याज इतर कोणाच्याही व्याजासारखं उत्पन्नात धरलं जातं. 'कर वाचवून देतो, इतके टक्के द्या' म्हणणारा कोणी भेटला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं. वाचवायला काही उरलेलंच नाही.

गैरसमज : अग्निवीर कामी आला तर घरच्यांना काहीच मिळत नाही.

वस्तुस्थिती : हा सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात जास्त दुखावणारा गैरसमज आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचे अग्निवीर अक्षय गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेले. तेव्हा हीच अफवा उठली आणि लष्कराला जाहीर खुलासा करावा लागला. त्यात ४८ लाखांचा विमा होता आणि या विम्याचा हप्ता अग्निवीराच्या पगारातून जात नाही. ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान होतं. सेवा निधीतले दोन्ही हिस्से व्याजासह होते. उरलेल्या मुदतीचा पगार होता, जो त्यांच्या बाबतीत तेरा लाखांहून अधिक भरत होता. शिवाय सशस्त्र दलांच्या युद्धहानी कल्याण निधीतून आठ लाख होते. सेवेमुळे अपंगत्व आलं तर त्याच्या प्रमाणानुसार ४४, २५ किंवा १५ लाखांची एकरकमी तरतूद आहे.

म्हणजे 'काहीच नाही' हे चूक. पण नियमित जवानाच्या पत्नीला किंवा आईवडिलांना महिन्याच्या महिन्याला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन अग्निवीराच्या घरच्यांना नाही, हेही तितकंच खरं. टीका करायची तर ती या फरकावर करावी.

गैरसमज : जुन्या फौजीला मात्र सगळं फुकट मिळालं.

वस्तुस्थिती : निवृत्त होताना तात्यांना मिळालेल्या एकरकमी गठ्ठ्यातही त्यांचाच पैसा होता. भविष्य निर्वाह निधी म्हणजे स्वतःची बचत. न घेतलेल्या रजेचा पगार, तोही जास्तीत जास्त तीनशे दिवसांचा. ग्रॅच्युइटी सेवेच्या वर्षांवर ठरते. सगळ्यात मोठा आकडा असतो तो 'कम्युटेशन'चा, आणि ते म्हणजे स्वतःच्याच पेन्शनचा काही भाग, कमाल निम्मा, आगाऊ विकणं. त्यामुळे पंधरा वर्षं मूळ पेन्शन तेवढी कमी येते आणि मग पूर्ववत होते. आलेल्या गठ्ठ्यात घराचा स्लॅब पडतो, विहिरीवर मोटर बसते आणि गावाला वाटतं सरकारने दिलं.

जुन्या फौजीचा गठ्ठा संपला तरी पेन्शन येत राहायची, म्हणून गठ्ठा खर्चून टाकण्याची चाल इकडे कधी महागात पडली नाही. पुतण्याने तीच चाल उचलली तर पडेल.

मग करायचं काय?

पगाराची पावती दर महिन्याला उतरवून ठेवावी आणि कपातीचा आकडा वरच्या हिशेबाशी ताडून पाहावा. बँक खातं, आधार आणि वारसाची नोंद एकमेकांशी जुळते का, हे सुट्टीवर असतानाच बघावं. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये माजी अग्निवीरांसाठी दहा टक्के जागा आणि वयाची सवलत २०२२ मध्ये जाहीर झाली. पहिल्या तुकडीला पाच वर्षांची, नंतरच्यांना तीन वर्षांची. पण तीही भरतीच आहे, अर्ज भरावा लागतो आणि परीक्षा द्यावी लागते. चौथ्या वर्षात अभ्यासाची पुस्तकं पेटीत असलेली बरी.

तात्यांच्या पासबुकात दर महिन्याला एक ओळ उमटते. पुतण्याच्या पासबुकात सेवा निधीची ओळ एकदाच उमटणार. तिच्याखालची पुढची ओळ कुठल्या कमाईची असेल, हे फलटणजवळच्या कोळकीतल्या गुंठ्याचा इसार देण्याआधी चुलत्या-पुतण्यांनी त्याच ओट्यावर बसून ठरवावं.