कॅमेऱ्यातून घडणारी समाजदृष्टी

छायाचित्रण ही कला आहे, व्यवसाय आहे आणि असंख्य लोकांचा छंदही आहे. मात्र सातत्याने छायाचित्रे टिपणाऱ्या व्यक्तीला समाज आणि राजकारण यांची जाण कशी येत जाते, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. ज्येष्ठ छायाचित्रकार सुनील जाना यांची वाटचाल या दृष्टीने उद्बोधक आहे.

आसाममधील दिब्रुगड येथे 1918 मध्ये जन्मलेले जाना कोलकात्यात वाढले. इंग्रजी साहित्याच्या या विद्यार्थ्यासाठी कॅमेरा हा प्रारंभी केवळ छंद होता. 1943 मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे तत्कालीन सरचिटणीस पी. सी. जोशी यांनी जाना आणि चित्रकार चित्तप्रसाद यांना दुष्काळग्रस्त भागात आपल्यासमवेत नेले. पक्षाच्या ‘पीपल्स वॉर’ या मुंबईहून निघणाऱ्या नियतकालिकात जाना यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि दुष्काळाची भीषणता देशापुढे आली.

चौकटीमागील प्रश्न

वार्ताहराला ऐकीव माहितीवर वृत्त लिहिता येते. छायाचित्रकाराला मात्र घटनास्थळी, माणसांच्या समोर उभे राहावेच लागते. तेथे चेहरा, हात, वस्त्रे, रिकामी भांडी असे तपशील नजरेस पडतात आणि त्यातून प्रश्न निर्माण होतात. भाताचे पीक काढणाराच उपाशी का? अन्नाच्या शोधात शहरात आलेला माणूस दुकानांच्या समोरच प्राण का सोडतो?

या प्रश्नांची उत्तरे राजकारणात आणि अर्थकारणात होती. 1942 मध्ये जपानने ब्रह्मदेश जिंकल्यामुळे तेथील तांदळाची आयात थांबली. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून किनारी भागातील नौका सरकारने काढून घेतल्या. युद्धकालीन भाववाढ आणि साठेबाजी यांमुळे तांदूळ गरिबांच्या आवाक्याबाहेर गेला. सर्वाधिक झळ भूमिहीन शेतमजूर, मच्छीमार आणि ग्रामीण कारागीर यांना बसली. चौकशी आयोगाने 1945 मध्ये बळींची संख्या सुमारे 15 लाख असल्याचा अंदाज वर्तविला. नंतरचे काही अंदाज 30 लाखांपर्यंत जातात. धान्याच्या तुटवड्यापेक्षा ते मिळविण्याची क्षमता नष्ट होणे हे दुष्काळाचे मुख्य कारण होते, असे विवेचन अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले.

निवडीची जबाबदारी

चौकटीत काय घ्यावे आणि काय वगळावे, हा निर्णय प्रत्येक वेळी घ्यावा लागतो. केवळ दुःखी चेहरा टिपल्यास पाहणाऱ्याच्या मनात करुणा उत्पन्न होते. त्यासोबत परिस्थितीही दाखविल्यास कारणांचा विचार सुरू होतो. समोरच्या व्यक्तीची असहायता टिपताना तिची प्रतिष्ठा जपणे, हीदेखील छायाचित्रकाराची कसोटी असते.

जाना यांचा कॅमेरा दुष्काळापुरता मर्यादित राहिला नाही. स्वातंत्र्यलढ्यातील नेते, फाळणीचे निर्वासित, आदिवासी समाज आणि नव्या भारतातील पोलाद कारखाने त्यांनी टिपले. कम्युनिस्ट पक्षापासून ते पुढे दुरावले, परंतु श्रमिकांवरील त्यांची नजर हटली नाही. 1972 मध्ये त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली. 2012 मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले.

आज मोबाइलमुळे कॅमेरा घरोघरी पोहोचला आहे. आपल्या परिसरातील पाण्याची रांग, मजुरांचा नाका किंवा शाळेची इमारत वर्षभर नियमितपणे टिपणाऱ्यालाही काय बदलले आणि काय तसेच राहिले, हे कळू लागते. त्यामागील कारणे शोधण्याची सुरुवात तेथूनच होते.